कुत्रा ‘डोक्यावर बसलाय’ असं वाटतंय? आधी या चुका टाळा

“हा आता डोक्यावर बसायला लागलाय.” कुत्रा पाळणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे नेमकं काय करतो? मग यादी येते. पट्टा ओढतो. सोफ्यावर चढतो. दारातून आधी बाहेर पळतो. जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. या चार गोष्टींची कारणं चार वेगळी आहेत. पण ‘याला घरावर राज्य करायचंय’ असं एकदा मनाने घेतलं की चारही दुखण्यांवर औषध एकच सुचतं: त्याला त्याची जागा दाखवा. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

लांडग्याचा हिशेब कुत्र्याला लावणं

‘अल्फा’ची, म्हणजे भांडून कळपावर सत्ता मिळवणाऱ्या म्होरक्याची कल्पना लांडग्यांवरून आली. रुडोल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि 1947 मध्ये त्यावर लिहिलं. कुंपणात कोंडलेले, कुठे निघून जाण्याची सोय नसलेले ते लांडगे, भांडणारच. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी लांडगा-अभ्यासकाच्या 1970 च्या पुस्तकातून ही कल्पना सर्वदूर पोचली. मग याच मेकनी 1986 पासून अनेक उन्हाळे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं. आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे ‘अल्फा’ म्हणजे फक्त बाप किंवा आई. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असं त्यांनी स्वतःच प्रकाशकाला सांगितलं.

गंमत म्हणजे धाकाने शिकवण्याची रीत याहून जुनी आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं पुस्तक 1910 चं. म्हणजे जबरदस्ती आधी आली, तिला लांडग्यांचं शास्त्र नंतर सापडलं.

कुत्र्यांमध्ये आपापसांत वर-खाली काहीच नसतं, असं मात्र मी म्हणणार नाही. मोकाट कुत्र्यांच्या गटांत कोण कोणापुढे नमतं घेतो हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. एका हाडापुढे दोन कुत्रे आले की कोण माघार घेणार हे बऱ्याचदा ठरलेलं असतं. पण त्यावरून ‘तो सोफ्यावर चढतो म्हणजे तुमच्यावर सत्ता गाजवतो’ इथवर उडी मारायला काही आधार नाही. सोफा मऊ असतो आणि त्याला तुमचा वास येतो.

गुरगुरणं दाबून टाकणं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गुरगुरणं हा उद्धटपणा नाही, तो इशारा आहे. त्याच्याही आधी कुत्र्याने बरंच काही सांगितलेलं असतं: खाता खाता थबकणं, अंग ताठ होणं, जीभ पटकन ओठांवरून फिरवणं, मान वळवून घेणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. आपण ते पाहत नाही, म्हणून त्याला आवाज काढावा लागतो. त्या आवाजावर फटका बसला की कुत्रा शिकतो ते इतकंच, की गुरगुरण्यात धोका आहे. त्याची भीती जागच्या जागी राहते, फक्त घंटा काढून घेतली जाते. ‘काही न सांगता एकदम चावला’ अशी तक्रार असलेल्या कुत्र्याची जुनी गोष्ट विचारली, की त्यात अनेकदा गुरगुरल्याबद्दल झालेली शिक्षा सापडते.

अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वागणुकीच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे आलेल्या 140 मालकांना विचारलं गेलं, की तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्याने काय केलं? मारणं किंवा लाथ घालणं हे ज्यांनी केलं, त्यांच्यापैकी 43 टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. कुत्र्यावर उलट गुरगुरून पाहणाऱ्यांत 41 टक्के, त्याला उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांत 31 टक्के, नजर रोखून पाहणाऱ्यांत 30 टक्के. हे कुत्रे आधीच अडचणीतले होते, त्यामुळे हे आकडे सगळ्याच कुत्र्यांना लावू नयेत. पण आपण हे उपाय करायला जातो ते नेमके अशाच कुत्र्यांवर ना?

मग करायचं काय? कुत्रा गुरगुरला की हातातलं थांबवा आणि शांतपणे मागे व्हा. तो ‘जिंकला’ वगैरे काही होत नाही, फक्त चावणं टळतं. मग डोकं शांत असताना लिहून काढा: कोण जवळ गेलं, किती जवळ, त्याच्यापुढे काय होतं.

जेवणाच्या भांड्यावरून गुरगुरत असेल तर ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून मधेच भांडं उचलण्याचा खेळ आजच बंद करा. माणूस जवळ आला की अन्न जातं, हे तुम्हीच त्याला शिकवत असता. उलटं करा. तो जिथून बेचैन होत नाही इतक्या लांबून जाता जाता, त्याच्या जेवणाहून चविष्ट असा एखादा तुकडा भांड्याकडे टाका आणि न थांबता पुढे निघा. असे कित्येक दिवस. तुमची चाहूल लागताच तो ताठ होण्याऐवजी आशेने वर बघायला लागला, की अंतर पाऊलभर कमी करा. तोंडात चप्पल धरली असेल तर ओढाताण नको, बदल्यात दुसरं काही द्या. तो खात असताना मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका, यात सूट नाही.

आणि वागणं अचानक बदललं असेल तर आधी पशुवैद्य. कान, दात, सांधे दुखत असले की गरीब कुत्राही तुटून पडतो. एकदा जरी चावा घेतला असेल, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका.

उताणं पाडून दाबून धरणं

कुत्रे एकमेकांना असं पाडत नाहीत. नमतं घेणारा स्वतःहून उताणा होतो. माणसाने जबरदस्तीने पाडलं तर कुत्र्याला तो जिवावरचा हल्ला वाटू शकतो, आणि त्या क्षणी आपलं तोंड त्याच्या दातांपासून वीतभर अंतरावर असतं. करू नका.

“बघ, त्याला कळतंय काय केलंय ते!”

उशीचा कापूस घरभर, आणि कोपऱ्यात कान पाडून बसलेला गुन्हेगार. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हा ‘ओशाळलेला’ चेहरा तपासला. मालकाने खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं आणि परतल्यावर, कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे संशोधकांनी मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगायचं, अशी रचना होती. तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. काहीच न केलेले कुत्रे ओरडा खाल्ल्यावर जास्तच ओशाळले.

दोन तासांनी दिलेल्या शिक्षेतून त्याला उशीचा धडा मिळत नाही. ‘मालक घरी येतो तेव्हा कधीकधी बिनसलेला असतो’ एवढाच मिळतो. कापूस मुकाट्याने गोळा करा. तो किती वेळ एकटा होता, त्याआधी फिरून आला होता का, चावायला दुसरं काही होतं का, हे तपासा.

पट्टा ओढतो म्हणून गळा आवळणं

कुत्र्याची सहज चाल आपल्या चालीपेक्षा वेगवान असते. ओढलं की तो हव्या त्या खांबापाशी पोचतो, म्हणून ओढतो. ही मजुरी बंद करा: पट्टा ताणला की थांबा, सैल पडला की चाला. पहिले काही दिवस शंभर पावलांना पंधरा मिनिटं लागतील, कुणी पाहिलं तर हसेल. छातीपुढे कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा) मदत करतो. आणि त्याला वास घेऊ द्या हो, फिरणं त्याचं आहे.

गळा आवळणाऱ्या किंवा काट्यांच्या साखळीने ओढणं थांबतं, हे मान्य. पण समोर दुसरा कुत्रा दिसताच मानेला कळ आली, तर तो त्या कळीचा संबंध समोरच्या कुत्र्याशी जोडू शकतो. पोर्तुगालमधल्या 92 कुत्र्यांचा एक अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं.

आदर म्हणजे लाड असं समजणं

ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि धाक सोडलेली माणसं हटकून इथे येऊन पडतात. सोफा नको असेल तर नको, तो तुमचा हक्क आहे. फक्त आज हो, उद्या पाहुणे आले म्हणून नाही, असं चालत नाही. दारात थांबायलाही जरूर शिकवा, कारण बाहेर गाड्या असतात.

शब्दांचा घोळ तर घरोघरी. बाबा ‘खाली’ म्हणतात ते सोफ्यावरून उतरण्यासाठी, ताई ‘खाली’ म्हणते ते बसण्यासाठी, आजी ‘खाली’ म्हणते ते अंगावर उडी मारली म्हणून. कुत्रा गोंधळून उभा राहतो आणि सगळे म्हणतात, हट्टी आहे. एका कृतीला एकच शब्द ठरवा आणि तो एकदाच उच्चारा.

‘हातात खाऊ असेल तरच ऐकतो’ ही तक्रार असेल, तर तुम्ही खाऊ आधी दाखवताय. ती लाच झाली. हात रिकामा ठेवा, आधी काम होऊ द्या, मग खिशातून काढा. बक्षीस दरवेळी खाण्याचंच हवं असंही नाही. बाहेर जायला उत्सुक असलेल्या कुत्र्याला दार उघडणं हेच मोठं बक्षीस.

आदर उलट दिशेनेही तपासता येतो. कुरवाळताना तीन-चार सेकंदांनी हात काढून घ्या. त्याने नाक पुढे करून तुमचा हात ढोसला तर चालू ठेवा. मान वळवली किंवा उठून गेला, तर जाऊ द्या.

कुत्रा सहा महिन्यांचा झाल्यावर, वयात येताना, शिकवलेलं सगळं विसरल्यासारखा वागेल. बंड समजून आवाज चढवू नका. तीन-चार मिनिटांचेच धडे, शांत खोलीत, पुन्हा पहिल्या पायरीपासून.