खेळातून शिकवताना मुलं नुसती उभीच राहतात? या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि त्यातली निदान ६० मिनिटं तरी चांगला दम लागेल अशी. अक्षरं-अंकांचे खेळ त्यात छान भर घालतात, पण मूल खरोखर पळत असेल तरच.

दहा मुलांची एकच रांग ही सगळ्यांत मोठी चूक. एक धावतं, नऊ बघतात, मग ढकलाढकली सुरू होते. त्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्या येत नाहीत अशा बाजूला, खडूने फूटभर उंचीची पाच अक्षरं काढा. प्रत्येक अक्षर तीन ठिकाणी लिहा आणि दोन अक्षरांत मोठ्या माणसाची सहा-सात पावलं अंतर ठेवा. 'म' म्हटलं की मुलं तिन्ही 'म'कडे पांगतात, एकमेकांवर आदळत नाहीत. अंतर कमी ठेवलं तर दोन उड्यांत पोचतात आणि दम लागतच नाही.

यातही एक गोम आहे. थोड्या वेळाने सगळी मुलं अक्षर न बघता सर्वांत चपळ मुलाच्या मागे धावू लागतात. तसं दिसलं की अक्षर पुकारणं थांबवा. मधे टोपलीत चिठ्ठ्या ठेवा. प्रत्येकाने एक उचलायची, त्या अक्षरावर पाय ठेवून परत यायचं, चिठ्ठी टाकून दुसरी घ्यायची. कोणाचीच वाट बघावी लागत नाही आणि नक्कलही करता येत नाही.

पाचांपैकी नवं अक्षर एकच असू द्या. सगळीच अनोळखी असतील तर मूल जागच्या जागी थबकतं. आपल्याला वाटतं त्याला खेळायचं नाही.

संगीत खुर्चीत ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तेच मूल पहिलं बाद होतं आणि शेवटपर्यंत बसून राहतं. 'आउट' झालेल्याने पाच बेडूकउड्या मोजत मारायच्या आणि परत खेळात यायचं, हा नियम करा. मात्र उत्तर चुकलं म्हणून उठाबशा काढायला लावू नका. हालचाल म्हणजे शिक्षा हे मुलांच्या मनात फार लवकर बसतं.

लंगडीची घाई नको. एका पायावर सलग उड्या बहुतेक मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षी जमतात. त्याआधी दोन्ही पाय जोडून उड्या पुरेत.

पावसाळ्यात खेळ घरात येतो तेव्हा फरशीवर कागद पसरू नका. उडी पडताच तो पायाखालून सरकतो. आकडे रंगीत चिकटपट्टीने काढा आणि मोजे काढून अनवाणी खेळू द्या. एप्रिल-मेमध्ये पार्किंगची फरशी संध्याकाळीही तापलेली असते. हाताचा पालथा पंजा टेकवून बघा. पाच सेकंद टेकवत नसेल तर सावलीची जागा शोधा.

रविवारी पुण्यातल्या पर्वती टेकडीवर नेलंत तर १०३ पायऱ्या सलग मोजून घेण्याचा हट्ट धरू नका. वीसनंतर गाडी अडते आणि मूल रडकुंडीला येतं. दहापर्यंत मोजायचं, खिशात एक खडा टाकायचा, पुन्हा एकपासून सुरू. वर पोचल्यावर खिशात दहा खडे निघतात आणि वर तीन पायऱ्या उरतात, त्या त्यालाच सांगू द्या.