टीएसएच थोडासा वाढलाय? सत्तरीनंतर या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या आत्याच्या सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. सवलतीच्या दरात साठ-सत्तर तपासण्या, रक्त घरी येऊन नेणार, रिपोर्ट मोबाइलवर. आत्याचं वय ७९. साखर ठीक, क्रिएटिनिन ठीक, आणि एकाच ओळीत ठळक अक्षरात टीएसएच ६.८. संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर बातमी पोहोचली की हिला थायरॉईड निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू आल्या आणि आपल्या बाटलीतल्या दहा गोळ्या कागदात बांधून देऊन गेल्या. "डॉक्टरांकडे जाईपर्यंत घे गं, मला फार गुण आला."

त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत आत्याच्या फाइलमागे धावताना जे शिकले, ते इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही. पण बहुतेक घरांत चुका होतात त्या डॉक्टरांच्या खोलीत नव्हे, रिपोर्ट हातात आल्यापासून तिथे पोहोचेपर्यंत.

"थायरॉईड वाढलाय" हे वाक्यच आधी सोडा

टीएसएच वाढला की आपण सर्रास "थायरॉईड वाढला" म्हणतो. प्रत्यक्षात अर्थ उलटा असतो. टीएसएच हे हॉर्मोन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतो. पियुषिका म्हणजे मुकादम. गळ्यातली ग्रंथी काम करते, टी४ हे हॉर्मोन बनवते. काम मंदावलं की मुकादम आवाज चढवतो आणि तो चढलेला आवाज म्हणजे वाढलेला टीएसएच. म्हणजे आकडा वर गेला, तर ग्रंथी सुस्त आहे असा संशय घ्यायचा. हा गोंधळ निव्वळ शब्दांचा नाही. "वाढलाय" ऐकून कुणी थायरॉईड कमी करण्याचे काढे सुरू करतं, तर कुणी वजन उतरेल म्हणून खूश होतं.

मुकादमाचा आवाज किती चढलाय, हेही बघायला हवं. टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच शंभरपटीपर्यंत उसळू शकतो, इतका हा मुकादम तापट. त्या हिशेबात ६.८ म्हणजे नुसतं खाकरणं. टीएसएच वर आणि फ्री टी४ (रक्तात मोकळा फिरणारा टी४) मात्र ठीक, या अवस्थेला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉयडिझम, म्हणजे ग्रंथीची अजून उघड न झालेली सुस्ती, म्हणतात. शिबिराच्या रिपोर्टात बहुधा टी३, टी४, टीएसएच अशी तिकडी असते आणि त्यातला टी४ 'टोटल' असतो. डॉक्टरांना लागतो तो फ्री टी४. तो नसेल तर चित्र अर्धंच आहे.

एका रिपोर्टवर निकाल

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण एका कागदावर सुरू झालेली गोळी पुढे वीस वर्षं चालते आणि का सुरू केली होती हे कुणालाच आठवत नाही.

टीएसएच हलता आकडा आहे. रात्री आणि पहाटे तो चढलेला असतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठताना काही आठवडे तो तात्पुरता वाढतो. डेंग्यू किंवा न्यूमोनिया होऊन महिना झालेला नसताना काढलेला थायरॉईडचा रिपोर्ट बाजूला ठेवलेला बरा. हृदयाचे ठोके बिघडल्यावर देतात ते अमिओडॅरोन, मानसिक आजारातलं लिथियम, यांनीही ग्रंथी मंदावते. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या वेळी टोचलेल्या डायमध्ये भरपूर आयोडीन असतं, त्याचाही परिणाम काही काळ दिसू शकतो. या गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्या लागतात. विचारतील तेव्हा सांगू म्हटलं, तर राहून जातं.

केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या वेगळाच घोळ घालतात. अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसतो. म्हणजे खरा दोष झाकला जातो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवायच्या.

म्हणून प्रकृती बरी असेल तर साधारण दोन ते तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच सुमारास पुन्हा रक्त द्यायचं. या वेळी टीएसएचबरोबर फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ या, आपल्याच थायरॉईडविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीची तपासणी. अँटिबॉडी असतील तर पुढे ग्रंथी खरोखर मंदावण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या व्हिकम गावच्या पाहणीत वीस वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या बायकांपैकी दर वर्षी शंभरात साधारण ४ जणींना उघड हायपोथायरॉयडिझम झाला. याचा दुसरा अर्थ असा, की त्या वर्षी उरलेल्या शहाण्णव जणींना झाला नाही.

पंचविशीची फूटपट्टी ऐंशीला लावणं

रिपोर्टात उजवीकडे छापलेली मर्यादा, म्हणजे साधारण ०.४ ते ४.५, ही नातीसाठी आणि आजीसाठी बहुतेक ठिकाणी एकच असते. पण वयाबरोबर टीएसएच आपोआप थोडा वर सरकतो. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, थायरॉईडचा आजार नसलेल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांत वरची हद्द ७.५ च्या आसपास निघाली. मग आत्याचा ६.८ आजार की वय? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला आणि कागद बाजूला ठेवला. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ८५ वर्षांच्या लोकांचा पाठपुरावा झाला. तिथे टीएसएच जरा जास्त असलेले लोक कमी जगले नाहीत, उलट त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. ही पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही ठळक अक्षरातला आकडा बघून घाबरणं काही सुटत नाही.

थकवा, बद्धकोष्ठ, विसर : सगळं थायरॉईडच्या नावावर

"हिला गळून जातं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, नावं आठवत नाहीत. बघा, सगळी थायरॉईडचीच लक्षणं!" इंटरनेटवरची यादी समोर धरली की ऐंशीतल्या कुणाचीही त्यातली निम्मी लक्षणं जुळतात. मग गोळीने ती जातात का?

हे नीट तपासून पाहिलं गेलं आहे. ट्रस्ट नावाची चाचणी स्कॉटलंड, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ६५ च्या पुढचे ७३७ लोक, सरासरी वय ७४, सरासरी टीएसएच ६.४. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला कोणती, हे ना त्यांना ठाऊक ना डॉक्टरांना. वर्षभराने खरी गोळी घेणाऱ्यांचा टीएसएच ३.६ वर आला, म्हणजे कागद सुधारला. थकव्यात आणि इतर लक्षणांत मात्र दोन्ही गटांत काही फरक नव्हता. मला त्याहून मजेची वाटली ती दुसरी गोष्ट : पोकळ गोळीवाल्यांचा टीएसएचही आपसूक ५.५ पर्यंत उतरला होता. काकूंना "गुण आला" तो असाही असू शकतो.

ऐंशीच्या पुढच्यांचे आकडे २०१९ मध्ये वेगळे काढून पाहिले, तिथेही फायदा दिसला नाही.

मग थकवा कशाचा? इथे खरी शोधाशोध करायला हवी, आणि थायरॉईडचं लेबल लागलं की तीच थांबते. शाकाहारी घरात पहिला संशय बी१२ वर. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर दुप्पट संशय, कारण दोन्हींनी बी१२ कमी होऊ शकतं. मग हिमोग्लोबिन. मग औषधांचा डबा : ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते आणि गळाल्यासारखं वाटतं, ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्या माणसाला दिवसा ताजंतवानं कसं वाटेल? आणि जोडीदार गेल्यानंतरचं गप्प होणं कुठल्याच रक्तात दिसत नाही.

"साधी तर गोळी आहे, घेतली तर काय बिघडतं?"

बिघडतं, डोस जास्त झाला तर. म्हाताऱ्या शरीरात जास्तीचं थायरॉक्सिन दोन जागी त्रास देतं, हृदयात आणि हाडांत. टीएसएच फार खाली गेला की हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, आणि त्यातून पक्षाघाताचा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीच्या १९९४ च्या अहवालात साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत हा धोका साधारण तिप्पट निघाला. हाडं ठिसूळ होतात ती वेगळीच. बाथरूममध्ये पाय घसरल्यावर खुबा मोडणार की नुसता मुका मार लागणार, यातला फरक त्यावर ठरू शकतो.

म्हणून खरी गरज असतानाही वयस्कर माणसाला, विशेषतः हृदयविकार असेल तर, १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. दुकानात १२.५ ची बाटली मिळते तशी १२५ चीही मिळते. टिंबाकडे लक्ष द्या. बाटली घरी आल्यावर चिठ्ठीशी ताडून बघायचं काम चष्मा असलेल्याने करावं.

गोळी खरंच लागते तेव्हा

आतापर्यंतचं वाचून "म्हणजे गोळी वाईट" असं ठरवून टाकू नका. फ्री टी४ खाली गेलेला असेल तर ती किंचित सुस्ती राहिली नाही, तो उघड आजार आहे आणि गोळी लागतेच. टीएसएच पुन्हा पुन्हा १० च्या वर येत असेल तर डॉक्टर गोळीचा विचार करतात, २० च्या वर असेल तर चर्चेला फारशी जागा उरत नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस सारखं झोपेत, बरळतंय, अंग गार, नाडी मंद, चेहरा सुजलेला असं दिसलं तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी असला लेख वाचून ती स्वतःहून बंद करणं, ही तर आणखी मोठी चूक. थायरॉईडचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा किरणोत्सारी आयोडीन दिलेलं असेल, तर ती गोळी म्हणजे ग्रंथीच आहे. ती का सुरू झाली हे माहीत नसेल तर जुनी फाइल शोधा आणि डॉक्टरांना विचारा, "अजून लागते का? डोस कमी होईल का?" हा प्रश्न विचारायला संकोच कशाला?

गोळी चालू आहे, तरी आकडा जागेवर येत नाही

डोस वाढवण्याआधी सकाळ तपासा. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची सकाळ साडेपाचच्या चहाने उघडते आणि गोळी त्या चहाबरोबर जाते. ती साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यायची, चहा-कॉफी-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं यांत चार तासांचं अंतर. सकाळी जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते, पण मग रात्रीचं इसबगोल आड येतं, कारण तंतूंबरोबर गोळी नीट शोषली जात नाही. चतुर्थी-एकादशीला "आज उपास" म्हणून गोळी सोडणारे लोक मी पाहिलेत. पाण्याने उपास मोडत नाही.

बाटली ओट्यावर, गॅसशेजारी ठेवू नका. उष्णतेने आणि दमट हवेने गोळीचा जोर कमी होतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, हे औषध शरीरात टिकतं, निम्मं व्हायलाच त्याला आठवडा लागतो. त्याच कारणाने डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत रक्त तपासून उपयोग नाही, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. कंपनी बदलली तर तेही सांगा.

कोबी-फ्लॉवर बंद करण्याची गरज नाही. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. मीठ मात्र आयोडीनयुक्तच ठेवा. "नैसर्गिक" म्हणून घर सैंधवावर नेणाऱ्यांनी त्या पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का ते बघावं. उलट आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या खाऊन ग्रंथी जागी होत नाही, बिघडू शकते.

आत्याचा दुसरा रिपोर्ट अडीच महिन्यांनी आला. टीएसएच ५.४, फ्री टी४ ठीक, अँटिबॉडी नाहीत. बी१२ मात्र तळाला. त्याची इंजेक्शनं झाली, आता वर्षातून एकदा टीएसएच बघायचा एवढंच ठरलंय. काकूंची पुडी देव्हाऱ्याच्या खणात तशीच होती, ती परत द्यायला मी गेले. त्यांनी बाटली काढून गोळ्या आत टाकल्या, तेव्हा लेबल वाचलं. १०० मायक्रोग्रॅम.