पर्शियन की सयामी? मांजर घरी आणण्याआधी काय तपासावं

फोटो पाहून निवड करायची तर पर्शियन जवळजवळ नेहमीच जिंकते. गोल चेहरा, बटणासारखं नाक आणि अंगभर रेशमी केस. सयामी शेजारी उभी केली तर हडकुळी वाटते, कान तर डोक्यापेक्षा मोठे. पण फोटोत पर्शियनच्या डोळ्यांतून गळणारं पाणी दिसत नाही आणि सयामीचा पहाटे चारचा आवाजही ऐकू येत नाही. दोन्ही मांजरं साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतात, काही त्याहून जास्त. एवढी वर्षं रोज कोणतं काम आपण कुरकुर न करता करू, हे आधी ठरवा. पर्शियनला तुमचे हात लागतात, सयामीला तुमची सोबत.

आधी घराचं वेळापत्रक लिहा

कागदावर तीन गोष्टी लिहा: घर सलग किती तास रिकामं असतं, सकाळ-संध्याकाळ मोकळी पंधरा मिनिटं नक्की कोणाकडे आहेत, आणि घरात झोपमोड कोणाला चालत नाही. ‘वेळ काढू’ असं लिहू नका. नाव आणि वेळ लिहा.

केसांची रंगीत तालीम करा

पर्शियनच्या लांब केसांखाली मऊ लोकरीसारखा आणखी एक थर असतो. वरून नुसता ब्रश फिरवला की मांजर छान दिसते आणि गुंता आत तसाच वाढत राहतो. म्हणून केसांचे भाग पाडायचे, आधी रुंद दातांची आणि मग बारीक दातांची स्टीलची फणी थेट मुळापासून फिरवायची. गाठी सर्वांत आधी कानांमागे, काखेत, पोटावर आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला होतात, आणि नेमकं तिथेच हात लावू द्यायला मांजर तयार नसते! गाठ झालीच तर कात्री लावू नका. पातळ त्वचा गाठीबरोबर वर ओढली जाते आणि केसांऐवजी कातडी कापली जाते. घट्ट गाठ ग्रूमर किंवा पशुवैद्याकडून मशीननेच काढून घ्या. आंघोळही गाठी सोडवल्यानंतरच. ओल्या गाठी आणखी आवळतात. शिवाय रोज डोळ्यांखालचे डाग ओल्या मऊ कापडाने पुसायचे, शेपटीखालच्या केसांत अडकलेली घाण काढायची.

हे जमेल का, हे मांजर न आणताही कळतं. पंधरा दिवस रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून एका जागी बसून दाखवा. तीनदा चुकलं तर माझ्या मते पर्शियनचा विचार सोडावा.

सयामीचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले. आठवड्यातून एकदा हात फिरवला तरी भागतं.

आता आवाज आणि एकटेपणा

सयामी बोलते, आणि मोठ्याने बोलते. तिच्या घोगऱ्या हाकेची तुलना लोक तान्ह्या मुलाच्या रडण्याशी करतात, ती उगाच नाही. तुम्ही उत्तर दिलंत की ती पुढचं वाक्य सुरू करते. ती माणसामागे खोल्याखोल्यांतून फिरते, दारं उघडायला शिकते, कपाटावर चढते. दिवसभर एकटी राहिली तर कंटाळते. काही सयामी मांजरांना लोकरीचे कपडे चोखण्याची, चावून गिळण्याचीही सवय लागते, आणि ते आतड्यात अडकू शकतं. घर आठ-नऊ तास बंद राहत असेल तर एकटी सयामी आणू नका. एकमेकांत रमणारी दोन पिल्लं आणा किंवा हा विचारच सोडा. त्याखेरीज रोज दोनदा दोरीच्या खेळण्यामागे पळवून दमवावं लागतं.

पर्शियन शांत. ती सोफ्यावर पसरते आणि तुम्ही येण्याची वाट पाहते, तीही फार उत्सुकतेने नाही.

मग प्रकृतीचे प्रश्न विचारा

पर्शियनची खरी अडचण चेहऱ्यात आहे. नाक जितकं चपटं, तितका श्वास आणि अश्रूंच्या नलिकेचा त्रास जास्त. नाकाची वरची कड डोळ्यांच्या खालच्या कडेच्या वर गेलेली असेल तर ते पिल्लू घेऊ नका, कितीही गोंडस दिसो. पिल्लू झोपलेलं असताना जवळ जाऊन ऐका. घरघर ऐकू आली तर ती गंमत नव्हे. अशा मांजरांना उकाडा सोसत नाही आणि खोल वाटीतून खाणं जमत नाही, उथळ थाळी लागते.

दुसरं म्हणजे मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. त्याचं सदोष जनुक आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. म्हणजे एका पालकाला हा आजार असला तरी त्याच्या प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. डीएनए चाचणीने तो आधीच कळतो. दोन्ही पालकांचा अहवाल मागा. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे उत्तर म्हणजे अहवाल नव्हे.

सयामीच्या बाबतीत दम्याची आणि डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होण्याच्या आजाराची चौकशी करा. दुसऱ्याचीही डीएनए चाचणी होते.

रंगावरून मात्र घाई नको. सयामी पिल्लं जन्मतः पांढरट असतात. त्यांच्यातला रंग बनवणारा घटक शरीराच्या थंड भागांतच नीट काम करतो, म्हणून कान, तोंड, पंजे आणि शेपटी पुढे गडद होत जातात. पोटावरचे केस शस्त्रक्रियेसाठी काढले तर तिथे काही काळ गडद केसही उगवू शकतात. हाच रंग पर्शियनच्या लांब केसांवर आणण्यासाठी दोघींच्या संकरातून हिमालयन मांजर तयार झाली. म्हणजे फणीची कटकट आहेच.

शेवटी भेटायला जा

पिल्लाबरोबर त्याची आईही पाहा, कारण पिल्लं सगळीच खेळकर असतात. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर त्या माणसाला घेऊन एकापेक्षा जास्त वेळा जा. ॲलर्जी केसांच्या लांबीमुळे होत नाही, तर लाळेतल्या आणि त्वचेवरच्या प्रथिनामुळे होते, त्यामुळे आखूड केसांची सयामीही सुरक्षित ठरेलच असं नाही.

कागदावर दोन्हींना ‘नाही’ आलं असेल, तर पिल्लाऐवजी निवाऱ्यातली चार-पाच वर्षांची साधी मांजर बघा. तिचा आवाज, तिचे केस आणि तिची मर्जी, सगळं आत्ताच समोर दिसतं. अर्धा तास जमिनीवर बसून राहा, हाक मारू नका, आणि कोण जवळ येतं ते पाहा.