करून दाखवताना

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हालचाली करून दाखवणं हेच माझं दिवसभराचं काम. नवी हालचाल शिकवताना आधी समोरच्याला नुसतं बघू द्या. बघण्यातही मेंदू कामाला लागलेला असतो. १९९० च्या दशकात इटलीतल्या पार्मा इथे मेंदूशास्त्रज्ञ जाकोमो रिझोलात्ती आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या, ज्या माकड स्वतः वस्तू उचलतं तेव्हा आणि दुसऱ्याला उचलताना पाहतं तेव्हाही चेततात. माणसातही बघताना हालचालींशी संबंधित भाग सक्रिय होतात. पण सगळी नक्कल एवढ्यावरच चालते, असं समजू नका.

समोर उभे राहून आरशासारखं करा: त्याचा उजवा हात, तुमचा डावा. डावं-उजवं उलटवत बसावं लागत नाही.

हेतू आधी सांगा. लहान मुलासमोर डाव्या हाताने उजवा कान धरून बघा. मूल कान बरोबर धरतं, पण बरेचदा जवळच्याच हाताने! मेंदू आधी 'काय गाठायचं' ते पकडतो. म्हणून 'मनगट वळवा' म्हणण्याऐवजी 'किल्ली फिरवा' म्हणा. हात कुठून न्यायचा हेच महत्त्वाचं असेल, तर तो मार्ग वेगळा, सावकाश दाखवा.

डाव्या मेंदूला पक्षाघात झालेल्या काहींच्या हातात ताकद असते, तरी सॅल्यूटची नक्कल जमत नाही. बोटं कपाळाऐवजी गालाशी घुटमळतात. त्यांना आळशी म्हणू नका, कृपा करून. त्यांचा हात हलकेच धरा, ती हालचाल सोबतीने करा आणि जमेल तसा आधार कमी करत जा.