पाच संकेतस्थळे आणि एकच साक्षीदार

पुण्यात बी.एड. करत असताना सरावपाठासाठी मी पानशेतच्या पुराचा विषय घेतला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, एवढे घरच्या मोठ्यांकडून ऐकून ठाऊक होते. उरलेली माहिती मी इंटरनेटवरून जमवली. पाच संकेतस्थळांवर सारखाच मजकूर सापडल्यामुळे तो बिनचूक असणार, असे मी धरून चालले. त्यात पानशेतचे धरण मुठा नदीवर असल्याचे म्हटले होते. मार्गदर्शक बाईंनी पाठाचे टाचण वाचताना त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली, कारण हे धरण मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर आहे.

घरी येऊन मी ते वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले. पाचही ठिकाणी शब्द तेच होते, इतकेच नव्हे, तर ‘खडकवासला’ लिहिताना ‘वा’चा काना पाचही ठिकाणी गळला होता. माझे पाच साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार आणि त्याची उतरवून घेतलेली चार पाने होती. तेव्हापासून एखादी गोष्ट किती ठिकाणी लिहिली आहे यापेक्षा ती प्रथम कोणी आणि कशाच्या आधारे लिहिली, हे मी आधी शोधते.

नव्याने अध्यापनात येणाऱ्यांनी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ओआरजी’ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तसा पत्ता कोणालाही नोंदवता येतो. विकिपीडिया वर्ज्य मानण्याचेही कारण नाही. मात्र लेखाइतक्याच लक्षपूर्वक त्याच्या तळटीपा वाचाव्यात आणि ‘इतिहास पहा’ उघडून कोणते वाक्य केव्हा घातले गेले ते तपासावे. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. त्यांचा दर्जा एकसारखा नसतो, तरी संदर्भसूचीतून मूळ अहवालांपर्यंत आणि जुन्या वृत्तपत्रांपर्यंत वाट सापडते, हा माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

पुरातील मृतांची संख्या मात्र स्रोतागणिक बदलत होती. सुधारलेल्या पाठात मी फळ्यावर एकच आकडा लिहिला नाही. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, प्रत्येकाखाली तो कुठून घेतला ते नोंदवले आणि ही मोजणी कोणी, केव्हा केली असेल, असे मुलांना विचारले.