डुला ठरवताय? आधी हॉस्पिटलला विचारा

डुला म्हणजे बाळंतपणात सोबत राहून धीर देणारी, त्याचं ट्रेनिंग घेतलेली बाई. ती शोधायला लागायच्या आधी जिथे नाव घातलंय त्या हॉस्पिटलला विचारून घ्या की लेबर रूममध्ये सोबत किती जण चालतात. बऱ्याच ठिकाणी एकालाच सोडतात, मग नवरा की डुला हा प्रश्न ऐन कळांमध्ये येऊन पडतो आणि दारातल्या मावशी काही ऐकून घेत नाहीत. रिसेप्शनवर विचारून उपयोग नाही, तिथे सगळ्यालाच "हो हो चालतं" म्हणतात. डॉक्टरांना विचारा, लेबर रूमच्या सिस्टरना विचारा, सिझर करायची वेळ आली तर डुला आत येऊ शकेल का तेही विचारा, आणि होकार मिळाला की डॉक्टरांना फाईलवरच लिहून द्यायला सांगा, कारण रात्रपाळीला ड्युटीवर भलतंच कोणीतरी असतं.

सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर थोडं वेगळं आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच बाळंतपणात सोबत कोणीतरी असू द्या असं सांगितलंय, पण ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, आणि आडोशाची सोय असेल तर नवराही चालतो. पैसे देऊन आणलेली डुला त्यात बसत नाही, तेव्हा घरातल्याच धीराच्या बाईला तयार करा. धीराच्या म्हणतेय बरं का, कळ आली की तुमच्याआधी स्वतःच रडणारी मावशी नको.

आता आपल्याकडचा खास घोळ म्हणजे माहेर. सातव्या महिन्यात ओटी भरून सांगलीला जाणार असाल तर पुण्यातली डुला कितीही भारी असली तरी काय कामाची? डिलिव्हरी जिथे होणार तिथलीच बघा, आणि तिथे कोणी नसेलच तर व्हिडिओ कॉलवर आईला आणि नवऱ्याला आधीच शिकवून ठेवेल अशी कोणीतरी बघा. पाचव्या-सहाव्या महिन्यातच शोधायला लागा, चांगल्या बायका महिन्याला मोजक्याच केसेस घेतात.

आपल्याकडे डुलाला सरकारी लायसन्स वगैरे काही नसतं. डोना इंटरनॅशनलसारख्या डुलांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट असेल तर ट्रेनिंग झालंय एवढं कळतं, बाकी तुम्हालाच पारखून घ्यावं लागतं. मी तरी सर्टिफिकेटपेक्षा किती बाळंतपणांना प्रत्यक्ष हजर होती हे आधी विचारेन, आणि ज्यांचं शेवटी सिझर झालं अशा एक-दोन जणींशी बोलायला मागेन. नॉर्मल झालेल्या सगळ्याच खूश असतात, त्यांच्याकडून फारसं काही कळत नाही.

भेटलात की हा एक प्रश्न विचाराच: रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या म्हणून फोन केला तर काय सांगाल? जिला काम कळतं ती आधी उलट विचारेल, कळा किती मिनिटांनी येतायत, किती वेळ टिकतायत, पाणी गेलंय का, गेलं असेल तर रंग कसा आहे, बाळ हलतंय ना. आणि पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर माझी वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा म्हणेल. "मी येते, मग ठरवू" म्हणणारी नको. मग तिला सांगा, कळेच्या वेळी कमर कशी दाबायची ते नवऱ्याला करून दाखवा. माकडहाडाच्या जरा वर तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवून कळ ओसरेपर्यंत एकसारखा दाब द्यायचा असतो, नुसतं चोळायचं नसतं. ती नवऱ्याचा हात धरून नीट शिकवते की स्वतःचंच कौतुक सांगत बसते ते तिथेच दिसेल.

डुला म्हणजे सुईण नव्हे. आतून तपासणं, ठोके बघणं, औषध देणं हे तिचं काम नाही, आणि तुमच्या वतीने डॉक्टरांशी भांडणं तर अजिबातच नाही. "मी असले की सिझर होऊच देत नाही" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन निघा. सतत सोबत कोणी असलं तर सिझरचं प्रमाण थोडं कमी होतं, कळांचा वेळही जरा कमी होतो, हे २०१७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या अहवालात आलंय, त्यात २६ अभ्यासांची आकडेवारी होती. पण गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेणार म्हटल्यावर तोंड वाकडं करणारीही नको, कळा तुम्हाला येणारेत, तिला नाही.

पैशांचं आधीच बोला. इन्शुरन्स सहसा देत नाही, म्हणजे खिशातूनच जाणार. डिलिव्हरीआधी किती भेटी, साधारण ३८व्या ते ४२व्या आठवड्यापर्यंत फोनवर हजर राहणार का, तीच आजारी पडली किंवा दुसऱ्या केसला अडकली तर बदली कोण आणि त्या बाईला आपण आधी भेटणार का, हॉस्पिटलने आत सोडलंच नाही किंवा ठरवून सिझर झालं तर किती परत मिळणार, घरी आल्यावर दूध पाजायला बसवून द्यायला येणार का. हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या, अ‍ॅडव्हान्स मग द्या.