हाउप्टमान वाचताय? मग या चुका टाळा

परदेशी नाटकांची अभिवाचनं बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली. जर्मन नाटककार गेरहार्ट हाउप्टमानचं नाव निघालं की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. चूक वाचणाऱ्याची असते आणि 'रटाळ आहे हो' असा शिक्का मात्र नाटकावर बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'डी वेबर'मध्ये, म्हणजे 'विणकर' या नाटकात, नायक शोधणं. प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या पेटर्सवाल्डाउ आणि लांगेनबीलाउ या गावांतल्या विणकरांनी 1844 साली केलेल्या उठावावरचं हे नाटक. हाउप्टमानचे आजोबा तरुणपणी स्वतः मागावर बसलेले. त्यांची हकीकत वडिलांच्या तोंडून ऐकली आणि तेच या नाटकाचं बी, असं त्याने वडिलांना लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत सांगितलंय. इथे अंकागणिक जागा बदलते, नवी माणसं येतात, जुनी गर्दीत मिसळून जातात. नायक ही गर्दीच आहे.

एका हौशी गटाबरोबर आम्ही हे वाचन केलं होतं. वेळ दीड तासाचा. कोणीतरी सुचवलं की लष्करातून परतलेला मोरित्स येगर हाच नायक धरू, कारखानदार ड्रायसिगरच्या घराची मोडतोड होते तिथे चौथा अंक संपवू आणि पाचवा काढून टाकू. मीही मान डोलावली. टाळ्या कडकडून पडल्या. नंतर एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुटले बिचारे." त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही त्यांना नाटक सांगितलंच नव्हतं.

पाचव्या अंकात म्हातारा हिल्झे आहे. देवभोळा माणूस, दंग्याला त्याचा विरोध. बाहेर सैनिक आलेत, घरातली माणसं त्याला खिडकीपासून लांब हो म्हणतात. पण देवाने मला इथे बसवलंय म्हणत तो मागावरून हलत नाही. गोळ्यांची फैर झडते आणि तो जागीच कोसळतो. नात धावत येते, आजोबा, सैनिकांना गावाबाहेर पिटाळलं, म्हणून ओरडते. त्याच्या आंधळ्या बायकोला काहीच कळलेलं नाही. अहो, काहीतरी बोला ना, भीती वाटतेय, असं ती म्हणत राहते. बाहेर जय आणि आत हे. एवढं कापलं तर हातात उरते ती नुसती घोषणा. तेव्हापासून मी नवीन गटाला पाचवा अंक आधी वाचायला लावते. वेळ कमी असेल तर दुसरं नाटक निवडा, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी माझी जुनी तक्रार बोलीबद्दलची. हाउप्टमानने हे नाटक आधी सायलेशियन बोलीत लिहिलं, 'दे वाबर' या नावाने, आणि मग प्रमाण जर्मनच्या जवळ जाणारी आवृत्ती केली. तिच्यातही विणकर बोलीतच बोलतात. ड्रायसिगर आणि पाद्री यांची भाषा वेगळी, शिकलेली. ही दरी म्हणजेच नाटक. सगळ्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की ती दरी बुजते. पण याहून वाईट म्हणजे विनोदी नाटकातली ठरीव 'गावाकडची' भाषा उचलणं. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या बाउमर्टने उपासमारीपायी आपलं कुत्रं मारून शिजवलेलं असतं. कित्येक दिवसांनी पोटात मटण जातं आणि ते टिकत नाही, उलटून पडतं. म्हातारा रडतो. त्या ठरीव भाषेमुळे एका तालमीत ऐकणारे इथे हसले. मी वाचन थांबवलं. आता मी प्रत्येकाला सांगते, तुझ्या आजीच्या घरात जसं बोलतात तसं बोल, हेल काढू नकोस. याला महिना लागतो. घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

जर्मन कवी हाइनरिश हाइनेची विणकरांवरची कविता या नाटकात गातात, असं सर्रास लिहिलं जातं. नाही. नाटकात आहे ते विणकरांचं स्वतःचं गाणं, 'ब्लुटगेरिष्ट'.

1912 चं नोबेल एकट्या 'विणकर'साठी नव्हतं, एकूण नाट्यलेखनासाठी होतं.

कार्ल हाउप्टमान हा गेरहार्टचा थोरला भाऊ, तोही लेखक. पुस्तक मागवताना पहिलं नाव बघा.

'फोर झोनेनआउफगांग' म्हणजे 'सूर्योदयापूर्वी' आणि 'फोर झोनेनउंटरगांग' म्हणजे 'सूर्यास्तापूर्वी'. ही दोन वेगळी नाटकं, दोन्हींत 43 वर्षांचं अंतर आहे. पहिलं 1889 चं, बर्लिनच्या 'फ्राये ब्यूने' या नाट्यसंस्थेने केलेलं; त्या प्रयोगात एका डॉक्टरने निषेध म्हणून प्रेक्षागृहातच बाळंतपणाचा चिमटा उगारला होता. दुसरं 1932 चं, तरुण मुलीवर जीव जडलेल्या सत्तरीच्या क्लाउझेनचं आणि त्याला बेअकली ठरवू पाहणाऱ्या त्याच्या मुलांचं. गोंधळ होत असेल तर मुख्य पात्राचं वय विचारा, लगेच उलगडा होतो.

आणि 'निसर्गवादी', म्हणजे आयुष्य जसंच्या तसं रंगमंचावर मांडणारा, म्हणून हाउप्टमानला एका खणात बंद करू नका. 1893 च्या 'हानेले'त मरणाऱ्या पोरीला तापात देवदूत दिसतात, 1896 च्या 'बुडालेली घंटा'त जलदेव आणि वनदेव बोलतात.

सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्यांना मी 'बानवेर्टर थील' देते. 1888 ची छोटी कथा, एका बैठकीत होते. हाउप्टमान तेव्हा बर्लिनजवळच्या एर्कनरला राहत होता आणि रेल्वेमार्गावरच्या पहारेकऱ्याची ही गोष्ट त्याच भागातली. पण लोक सारांश वाचून येतात: पोरगा गाडीखाली जातो, बाप वेडा होऊन बायकोला आणि तान्ह्याला मारतो. एवढंच कळलं तर काहीच कळलं नाही. सगळं संपल्यावर थील रुळांवर बसलेला सापडतो, त्याला बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात नेतात, आणि मेलेल्या टोबियासची तपकिरी टोपी तो हातातून सोडत नाही. ती टोपी सारांशात येत नाही.